शेवट सांगून टाकणारी बाई

हान्सोकच्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे कोरियातल्या गुनसान बंदरामागच्या आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत होतं. तिचं खरं नाव ओ बोगिम, पण ते फक्त पोस्टमनला ठाऊक. भाड्याने पुस्तकं देण्याचं तिचं दुकान माझ्या पार्लरला लागून, मध्ये नुसती फळ्यांची भिंत. नवं पुस्तक आलं की ती आधी शेवटचं पान वाचायची. शेवट कळला नाही तर म्हणे तिला जेवण जायचं नाही. तिथवर ठीक होतं. पण कळलेला शेवट गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवायही तिला चैन पडत नसे.

"हे नेतोस? ने, ने. डॉक्टरच खुनी आहे, पण मजा येते वाचायला."

"अहो मावशी!" गिऱ्हाईक कपाळावर हात मारून घ्यायचं.

मीसुद्धा एकदा आठवडाभर तिच्याशी अबोला धरला होता. मी एका बाईच्या केसांना रोलर लावत होते आणि हिने भिंतीपलीकडून ओरडून माझ्या कादंबरीतला नायक मारून टाकला. वर मलाच समजावते, "आधी कळलं की रडू कमी येतं गं." काही बायका मात्र मुद्दाम तिलाच विचारायच्या. पोस्टात काम करणारी सनही नावाची मुलगी पोटुशी होती. पुस्तक उचलायच्या आधी ती विचारायची, यात मूल मरत नाही ना? ही नाही म्हणाली की निर्धास्तपणे घेऊन जायची.

हान्सोकच्या आईचा नवरा नेमका उलट. पिठाच्या गिरणीतून निवृत्त झाल्यापासून ते दुकानात स्टोव्हपाशी बसून वाचत असत. बायकोने शेवट सांगायला सुरुवात केली की उठून थेट गल्लीत जायचे, बाहेर बर्फ असला तरी. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला एकही शेवट सांगू दिला नव्हता.

त्या हिवाळ्यात त्यांचं पोट दुखायला लागलं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी रीतीप्रमाणे मुलाला बाजूला घेऊन सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, उन्हाळा दिसला तर नशीब. हान्सोकने आईला माझ्या पार्लरमध्ये आणून बसवलं.

"आई, बाबांना अल्सर झालाय. काय झालंय?"

"अल्सर."

"परत सांग."

"अल्सर. अरे, पण मला नाही रे जमणार. मला ओळखत नाहीस का तू?"

"बाबा खचतील, आई. आयुष्यात एकदा तरी तोंड बंद ठेव."

त्याचा मला राग आला. पण मीही मान डोलावलीच.

तेव्हापासून माझाही जीव टांगणीला लागला. दिवसातून दहा वेळा ती पार्लरमध्ये यायची, दार लावून घ्यायची आणि विचारायची, "मी काही बोलले नाही ना गं? तू भिंतीतून ऐकतेस ना?" मी खरंच ऐकत होते. कात्री हातात आणि कान भिंतीला. एका बाईचे केस त्यापायी नको तेवढे आखूड झाले. मग हिने स्वतःच कानाला खडा लावला. कुठलाच शेवट सांगायचा नाही, कुणालाच नाही. "एक निसटला की त्याच्यामागून तोही निसटेल," ती म्हणायची.

गिऱ्हाइकं खूश झाली. "मावशी सुधारल्या!" असं पोरं चिडवायची. मग एका दुपारी सनही आली, पुस्तक पुढे करत म्हणाली, "काकू, यात बाळ जगतं ना?"

"वाचून बघ की," ही म्हणाली. आवाज फाटलेला.

मी तिथेच उभी होते. स्टोव्हपाशी बसलेल्या तिच्या नवऱ्याने पुस्तकातून मान वर केली आणि बराच वेळ बायकोकडे पाहिलं.

तीन दिवसांनी मी भाजलेली रताळी घेऊन गेले होते. ते तलवारबाजांची एक चित्रकथा वाचत होते. त्यांनी ती मांडीवर उपडी ठेवली.

"अगं, महिना झाला. तू कुणाला एकही शेवट सांगितला नाहीस."

"लोक चिडतात, म्हणून..."

"लोक तर दुकान काढल्यापासून चिडतायत."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी रताळ्यांकडे. भित्री मेली मी!

"याचे सोळा भाग आहेत," ते म्हणाले. "मी सहाव्यावर आहे. शेवट सांग."

तिने तोंड उघडलं. अल्सरच म्हणणार होती, मला ते तिच्या ओठांवर दिसलं. पण तिने ते मिटलं, स्टूल ओढून त्यांच्यासमोर घेतलं आणि सातव्या भागापासून सांगायला लागली. दगा कुणी दिला, थोरला भाऊ कसा पडला, नदी ओलांडून कोण परत आलं. डोळ्यांतून धार लागली होती, तरी सांगणं थांबलं नाही. मी निघून जायला हवं होतं, पण पाय निघेना.

ते ऐकत होते. मध्ये एकदाच बोलले.

"हळू सांग."