शेवटच्या प्रकरणाची चोरी

माझ्या मावशीच्या यजमानांइतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या परंडा तालुक्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतके खून पचवलेला माणूसही. अंगणात मुंग्यांची रांग दिसली की काका पाहुण्यांना वळसा घालून यायला लावत, आणि त्याच पाहुण्यांना जेवताना, विष कालवायला आमटीपेक्षा ताक बरं, असं सहज सांगून त्यांचा घास अडकवत. उभी नोकरी कुर्डुवाडीच्या गाडीवर कंडक्टर म्हणून झाली. गाडी स्टँडवर उभी असेल तेवढ्या वेळात त्यांनी रहस्यकथा वाचल्या, आणि निवृत्तीनंतर तर दुसरा उद्योगच उरला नाही.

खून कुणी केला यात त्यांना फारसा रस नसे. का केला, एवढंच हवं असे. ‘सुरी कुणाच्या बी हातात येती,’ ते म्हणत, ‘ती उचलावी वाटंल असं पोटात काय होतं, ते बघावं.’ पैशासाठी केलेला खून ते हलका मानत. गोष्टीत मृत्युपत्र निघालं की लेखकाची कीव करत. त्यांचा आवडता खुनी म्हणजे अपमान गिळून वर्षानुवर्षं हसतमुख राहिलेला माणूस. त्यामुळे प्रत्यक्षातही कुणी जास्त हसलं की काका सावध होत. अणदूरला एका लग्नात वरपित्याचा भाऊ सारखा हसत होता. पंगतीत त्याच्याकडे निरखून बघत काकांनी मला सांगितलं, की याच्याजवळ कारण भरपूर आहे, फक्त धीर नाही. त्या गृहस्थानं ते ऐकलं. मग हसत हसत येऊन त्यानं काकांच्या पानात आग्रहानं जिलबी वाढली. काका शेवटपर्यंत तिला शिवले नाहीत.

अशा माणसाच्याच वाट्याला एक खरा गुन्हा आला. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण गायब निघालं. पुढच्या पुस्तकाचंही तेच, त्याच्या पुढच्याचंही. पानं फाडलेली नव्हती, ब्लेडनं अलगद कापलेली होती. काकांची झोप उडाली. त्यांचा संशय गेला तो थेट ग्रंथपालांवर. दिवसभर पुस्तकांत बसून एकही न वाचणाऱ्या माणसाच्या मनात वाचणाऱ्यांविषयी आकस असणारच, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि तो त्यांनी चार लोकांत बोलून दाखवला. ग्रंथपाल त्यांचा जुना दोस्त, रोज सकाळचा चहा सोबत घेणारा. तो काही भांडला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून चहाला यायचा बंद झाला.

मी सुट्टीत गेलो तेव्हा घर सुतकात असल्यासारखं होतं. काका ओसरीवर बसून नव्यानं विचार करत होते. गुन्हेगाराला पुस्तकाचा राग नाही, नाहीतर त्यानं ते जाळलं असतं, असं त्यांनी मला समजावलं. त्याला फक्त शेवट नको आहे. मग शेवट झाला की कुणाचं नुकसान होतं? समोर मावशी शेंगा फोडत बसली होती. ते तिच्याकडे वळले.

‘तू कापलीस व्हय पानं?’

मावशीचा हात थांबला नाही. ‘डाळीच्या डब्यात हायेत समदी. एक बी वाया न्हाय घालवलं.’

‘पण का?’

‘शेवट कळला की तुमी दुसरं पुस्तक उघडता,’ ती म्हणाली. ‘कळला न्हाय की दिसभर मला इचारता, तुला कोण वाटतं, का केलं असंल. तेवढंच बोलनं होतं आपलं.’

काका उठले, डबा काढला, डाळीची पूड झटकून, पुरावा म्हणून घरीच ठेवलेल्या त्या पुस्तकांत पानं लावली आणि दुपारभर खळ घेऊन चिकटवत बसले. संध्याकाळी मला घेऊन वाचनालयात गेले. चार लोकांत बोलले होते, म्हणून चार लोकांसमोरच त्यांनी ग्रंथपालांची माफी मागितली.

‘मग चोर कोण निघाला?’ ग्रंथपालांनी विचारलं.

‘नाव सांगता येत न्हाय. कारण पटलं, सोडून दिला.’

ग्रंथपालांनी पुस्तकांना लागलेली तूरडाळ बोटानं टिपली, काकांकडे पाहिलं आणि चहा मागवला.

तेव्हापासून शेवटच्या प्रकरणापाशी आलं की काका पुस्तक मिटतात आणि मावशीचं मत घेतात. तिचा संशय बहुधा डॉक्टरवर असतो. घरात सगळीकडे त्यालाच जाता येतं, असं ती म्हणते. दोघांचं पटलं किंवा अगदी फाटलं, की मग काका शेवट मोठ्यानं वाचतात.

अलीकडे मावशीला फारसं आठवत नाही. कालचं जेवण विसरते, कधी माझं नावही. गेल्या महिन्यात गेलो तर काका तिला तेच पुस्तक वाचून दाखवत होते, जे दिवाळीतही चाललं होतं. मी हळूच विचारलं, पुन्हा हेच का?

काकांनी पानात बोट ठेवलं. ‘ह्या बारीला तिला माळ्याचा संशय आलाय,’ ते म्हणाले, ‘आन् मला बी आता तसंच वाटाया लागलंय.’