वन्संनी निवडलेली पुस्तकं

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आमच्या बोर्ली पंचतनच्या वाचनालयाबाहेर एक कागद लागला. तालुक्याची वाचन स्पर्धा होती. दिवाळीपर्यंत सहा पुस्तकं वाचायची. कोकण, देश, खानदेश, मराठवाडा, विदर्भ या मुलखांचं एकेक आणि सहावं आपल्या आवडीचं. दिवाळी झाल्यावर श्रीवर्धनला जाऊन परीक्षकांपुढे त्यांवर बोलायचं. मी नागावची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली, आणि वाचायचं वेड माहेराहूनच घेऊन आलेली. त्याच संध्याकाळी नाव देऊन आले.

घरात आणखी वाचणाऱ्या म्हणजे वन्सं, माझी थोरली नणंद. लग्न होऊन वर्ष-दोन वर्षं होतात तोच नवरा गेला आणि त्या वडिलांकडे परत आल्या, त्यालाही तेव्हा बराच काळ लोटला होता. शाळा चौथीपर्यंतची. देऊळ आणि घरामागची पोफळीची वाडी, यापलीकडे त्या कुठे जात नसत. यजमान मुंबईला नोकरीत; घरी सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, वन्सं, मी आणि माझी लहान मुलगी. वाचनालय घरटी एकच पुस्तक देई. मी आणलं की आधी वन्सं वाचत, कारण त्यांचं लवकर होई.

"नाव तुझं असू दे," त्या म्हणाल्या, "पण पुस्तकं दोघींनी मिळून ठरवू. मलाही तीच वाचायची आहेत ना."

ठरवणं वाटलं तेवढं सोपं नव्हतं. वाचनालयात दोन कपाटं, आणि त्यातली बरीचशी पुस्तकं पुण्यामुंबईकडच्या लोकांनी लिहिलेली. शाळेतले एक मास्तर संध्याकाळी येऊन कुलूप काढत. त्यांना मी विचारलं, लेखक त्या मुलखातला हवा की गोष्ट तिथली हवी?

"कागदावर तसं काही नाही," मास्तर म्हणाले. "तुम्हाला पटेल ते घ्या. विचारलं तर सांगता आलं म्हणजे झालं."

मग मी पुस्तक आणायची आणि वन्संच्या पुढ्यात ठेवायची. त्यांची एक रीत होती. माणसं काय खातात ते त्या आधी शोधत. मराठवाड्यातली म्हणून आणलेल्या एका कादंबरीत सगळे दोन्ही वेळा भातच जेवत होते. वन्सं म्हणाल्या, "हा गृहस्थ तिकडे गेलेला नाही. घरी बसून लिहिलंय." ती परत गेली. भरीत आणि कळण्याची भाकरी सापडली ते पुस्तक खानदेशासाठी ठेवलं. विदर्भाचं मात्र काही केल्या मिळेना. शेवटी मास्तरांनी कपाटाच्या तळातून कापसाच्या लागवडीवरची एक सरकारी पुस्तिका काढली. मला ते काही पटेना.

"कापूस आपण अंगावर घालतो," वन्सं म्हणाल्या. "झाड बघितलंयस का कधी?"

नव्हतं बघितलं. पुस्तिका घेतली, आणि एखादी गोष्ट वाचावी तशी आम्ही ती वाचली.

कोकणाची मला चिंता नव्हती. सगळे नावाजत अशी एक जाडजूड कादंबरी मी मनाशी धरून ठेवली होती. तिच्यात एक तरुण विधवा आहे आणि शेवटी ती विहिरीत उडी घेते. वन्संनी ती वाचून संपवली आणि मी तांदूळ निवडत होते तिथे आणून ठेवली.

"हे नको."

"का? भाषा किती सुरेख आहे."

"भाषा आहे सुरेख. पण ती जगली असती तर पुढे काय केलं असतं, ते लिहिणाऱ्याला सुचलं नाही, म्हणून विहिरीत टाकली." मग सुपातले थोडे तांदूळ स्वतःकडे ओढून घेत म्हणाल्या, "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं मी."

आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो. दुसऱ्या दिवशी मी कादंबरी परत केली आणि आमच्याच किनाऱ्यावरच्या एका खलाशाने लिहिलेल्या आठवणी आणल्या. मला त्या मधूनमधून कंटाळवाण्या वाटल्या. वन्संनी दोनदा वाचल्या.

मी तेव्हा दुसऱ्या खेपेची होते. दिवाळीला आठवा लागला. पावसाने श्रीवर्धनच्या रस्त्याची चाळण झालेली, आणि सुईणीने एसटीत बसायचं नाही म्हणून बजावलं. मी वन्संना म्हटलं, तुम्ही जा. मास्तर नाव बदलून द्यायला तयार होते. पण वन्सं वडिलांना विचारायला तयार नव्हत्या, म्हणून जेवायला वाढताना मीच विषय काढला.

मामंजींनी मुलीकडे पाहिलं. "चार लोकांपुढे उभी राहून बोलणार तू?"

"वाचलंय ते सांगणार," वन्सं म्हणाल्या.

मामंजींनी जेवण संपवलं, हात धुतला, आणि म्हणाले, "एसटी कधी असते?" ते स्वतः बरोबर गेले.

तिथलं सगळं मला मामंजींकडूनच कळलं. सुरुवातीला वन्संचा आवाज इतका बारीक होता की मोठ्याने बोला म्हणून सांगावं लागलं. एका परीक्षकांनी विचारलं, कोकणावरची एवढी गाजलेली कादंबरी सोडून हे खलाशाचं पुस्तक का घेतलंत?

"ती बाई शेवटी विहिरीत जाते," वन्संनी सांगितलं. "पण त्या घरात रोज पाणी कोण काढत होतं, ते पुस्तकात कुठेच नाही."

परीक्षक म्हणाले, हे तुमचं मत झालं. आणि पुढचा प्रश्न विचारला. पहिलं बक्षीस श्रीवर्धनच्याच एका मुलाला मिळालं. वन्संना उत्तेजनार्थ एक शाईचं पेन मिळालं.

"त्या मुलाने खरंच छान सांगितलं," घरी आल्यावर त्या म्हणाल्या, आणि आधी मला जेवलीस का ते विचारलं.

पुढे मला मुलगा झाला. त्याचं बारसं झाल्यावर मास्तर घरी आले. संध्याकाळी बायका वाचनालयात येत नाहीत, दुपारी कुणी उघडलं तर येतील, असं म्हणून त्यांनी चावी वन्संपुढे धरली. वन्संनी वडिलांकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतेस," मामंजी म्हणाले. "ते तुला विचारतायत."

पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही. मग एक कोळीण नवऱ्याचं पत्र वाचून घ्यायला आली, तिच्यामागून आणखी दोघी-तिघी आल्या. कुणी नुसत्याच बसायला येत. वन्संनी कुणाच्या हातात आपणहून पुस्तक दिलं नाही. मागितलं की उठून काढून देत. मास्तरांची बदली झाली, नवे आले, आणि वर्षाची नवी पुस्तकं मागवायच्या आधी तेही दुपारी येऊन वन्संशी बोलून जाऊ लागले.