भाजलेला रवा आणि शिशाची गोळी

क्लबच्या भिंतीवर माझ्या नेमबाजीचा एक कागद फ्रेम करून लावलेला आहे. पन्नास यार्डांवरून मारलेल्या पाच गोळ्या, आणि पाचही भोकं एका बशीखाली झाकली जातील अशी. बंदूक बारा बोअरची, आतून गुळगुळीत नळीची. अशा बंदुकीतून एकटी गोळी इतकी सरळ जात नाही, असं सगळे मानतात. त्या कागदाचा मला आजही अभिमान वाटतो. पण त्याखाली चार वर्षं एकट्या माझंच नाव होतं, ते चुकीचं होतं.

मिशिगनमधल्या नोव्हाय गावी रिटायर झाल्यावर शेजारच्या म्हाताऱ्याने मला काडतुसं घरी भरायला शिकवलं. शिसं वितळवून साच्यात ओतायचं, की लहान सुपारीएवढी गोळी तयार. ती काडतुसातल्या प्लॅस्टिकच्या कपात बसते, पण भोवती फट राहते. गोळी मधोमध राहावी म्हणून इथले जुने लोक त्या फटीत न्याहारीच्या लापशीचा रवा भरतात. मी इंडियन स्टोअरमधला बारीक रवा आणला. मनात म्हटलं, रव्यातलं आम्हाला कोण शिकवणार!

ऑगस्टच्या दमट हवेत भरलेली काडतुसं ऑक्टोबरात उडवली. एक गोळी डावीकडे, एक वर, एक कुठे गेली कळलंच नाही. उरलेलं एक काडतूस गॅरेजमध्ये कापून बघत होतो, तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"अहो, याच्या तर गुठळ्या झाल्यात. कच्चाच भरलात?"

"मग काय फोडणी द्यायची होती?"

"भाजायचा होता. उपम्याचा रवासुद्धा मी आणल्या आणल्या भाजून ठेवते. तीस वर्षं खाताय, बघितलं नाहीत कधी?"

बंदुकीची दारू गॅरेजात आणि कढई स्वयंपाकघरात, मधलं दार बंद, एवढी एकच अट मी घातली. तिने रवा मंद आचेवर कोरडा भाजला आणि कागदावर पसरला. "पूर्ण गार झाल्याशिवाय हात लावू नका. कोमट भरलात तर वाफ धरेल."

पुढच्या वर्षी त्याच रव्याने तो कागद झाला. सगळ्यांनी विचारलं, कसं जमवलं? मी म्हणालो, "फिलरचं मॉइश्चर कंट्रोल केलं."

"तुझी आयडिया?"

"हो." ती माझ्या मागेच उभी होती, थर्मासमधून चहा ओतत.

गाडीत बसल्यावर तिने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "मॉइश्चर कंट्रोल म्हणजे कढई का हो?" मी हसलो. ती हसली नाही.

२००८ मध्ये क्लबने मला नवीन मेंबरांना काडतुसं भरून दाखवायला बोलावलं. मी तिला, कढईला आणि इलेक्ट्रिक शेगडीला सोबत नेलं. फ्रेमपुढे उभा राहून सांगितलं, "ही आयडिया माझी नव्हती, हिची होती. मी खोटं बोललो." कुणीतरी टाळी वाजवली. ती मात्र कढईपाशी धिप्पाड मिशिगनकरांना दटावत होती. "नो, नो, स्लो! ब्राउन नाही करायचं!"

शेजारच्या म्हाताऱ्याने फ्रेम उतरवली आणि पेन तिच्या हातात दिलं. माझं नाव खोडून तिचं लिहायला मी सांगितलं.

"खोडायचं कशाला?" ती म्हणाली. "नेम तुमचाच होता."

मग तिने माझ्या नावाच्या वरच्या मोकळ्या जागेत आपलं नाव लिहिलं. माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात.