मिठाचं पाणी आणि गुळाचा खडा

डॉक्टरांनी काचेची नळी दिव्यावर धरली. आत माझी लघवी आणि निळं औषध. उकळी आली तसा रंग हिरवा झाला, मग पिवळा, आणि शेवटी पक्क्या विटेसारखा लाल. डॉक्टर म्हणाले, "मुकादम, डायबिटीस आहे. म्हणजे मधुमेह. तुमच्या अंगात साखर वाढलीय."

मी हसलो. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, माझा जन्म मिठात गेला. साखर कुठून येणार?"

ते हसले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, पण तोंडावर दिसू दिली नाही.

मी चौथ्या यत्तेपर्यंत शिकलेला माणूस. पनवेलच्या खाडीकाठी मिठागरावर मुकादम होतो, तीस माणसं हाताखाली. लिहायची सवय नाही. पण ज्याला हा आजार आहे त्याने माझी चूक करू नये, म्हणून लिहितो.

आजाराची खूण आधीपासून होती. हंडाभर पाणी प्यालो तरी घसा कोरडा. मोरीत लघवीला मुंग्या लागायच्या. पायाला मीठ चावून जखम झाली ती तीन महिने भरेना. अंगावरचा सदरा दोरीवर टाकल्यासारखा लोंबायला लागला. बायको सांगत होती, दाखवा. मी म्हणायचो, उन्हाळा आहे.

डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. हे सुईतून घ्यायचं औषध, अंगातली साखर उतरवतं. काचेची पिचकारी रोज पाण्यात उकळायची. बाटली गार राहावी म्हणून ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची. माझे हात राठ, बारीक काम जमेना. चांगुणा, माझी बायको, सुई टोचायला शिकली. तिला अक्षर येत नव्हतं, पण पिचकारीवरची रेघ तिने कधी चुकवली नाही.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "सुई टोचली की अर्ध्या तासात भाकरी खायचीच. नाही खाल्ली तर साखर एकदम खाली जाते. त्याला हायपोग्लायसेमिया म्हणतात. घाम फुटतो, हात कापतात, माणूस भलतंच बोलतो, मग पडतो. खिशात साखरेची पुडी ठेवा आणि सोबतच्या माणसांना सांगून ठेवा."

मी दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. मिठागराच्या मुकादमाच्या कमरेला साखरेची पुडी? माणसं काय म्हणतील? आणि सुईवर जगणाऱ्या मुकादमाचं कोण ऐकेल? घरी येऊन मी चांगुणेला शपथ घातली. "कोणाला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

तिचा चेहरा पडला. म्हणाली, "असली शपथ घालू नका वो."

मी म्हटलं, "घातली."

पुडी मी घेतली नाही, म्हणून तीच पदराच्या गाठीला गुळाचा खडा बांधून मिठाच्या टोपल्या वाहायला यायची. बायका चिडवायच्या, "वयनी, डोहाले लागले काय या वयात?" ती हसून टोपली उचलायची.

वर्षभर निभावलं. मग एका सकाळी सुई घेतली आणि भाकरी खायला बसणार तेवढ्यात निरोप आला, मीठ न्यायची होडी, मचवा, धक्क्याला लागलाय. भरतीच्या पाण्यात मचवा भरून निघाला पाहिजे, भरती कोणासाठी थांबत नाही. चांगुणा ताट घेऊन मागे आली. "दोन घास तरी." मी म्हटलं, "मचवा भरल्यावर."

अर्धा मचवा भरला आणि मला घाम फुटला. ऊन अजून चढलं नव्हतं. हात कापायला लागले. मी माणसांना आई-बापावरून शिव्या दिल्या असं नंतर कळलं, मला आठवत नाही. मग मी मिठाच्या राशीवर आडवा झालो.

आमच्या मिठागरावर रीत आहे. घामाघूम होऊन कोणी पडला की ऊन लागलं समजायचं आणि मिठाचं पाणी पाजायचं. त्याने कितीतरी माणसं उठलेली मी पाहिली, मीच पाजलेलं. माणसांनी तेच केलं. चूक त्यांची नव्हती.

चांगुणा धावत आली, गाठ सोडायला लागली. बाळा म्हणून माझ्या हाताखालचा जुना माणूस, त्याने तिला अडवलं. "वयनी, बाजूला व्हा. उनाचा घाम हाय, मीठ पाजतोय."

ती उभी राहिली. सांगावं तर माझी शपथ. न सांगावं तर माझा जीव समोर चाललेला. ती किती वेळ तशी उभी होती ते कोणी सांगत नाही. बाळा एवढंच म्हणतो, "दादा, वयनीचे ओठ हालत व्हते, पन आवाज नव्हता."

मग ती ओरडली. "त्याना ऊन नाय लागलं! त्याना साखरेचा आजार हाय. सकाली मीच सुई टोचलीय!" तिने बाळाला ढकललं आणि गूळ बोटावर चुरून माझ्या गालाच्या आत चोळला.

बैलगाडीतून मला पनवेलला दवाखान्यात नेलं. शिरेतून ग्लुकोज दिलं, म्हणजे साखरेचं पाणी. डोळे उघडले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बाईंनी वेळेवर तोंड उघडलं म्हणून वाचलात."

मी काय केलं असेल? तिच्याकडे पाठ केली. तीस माणसांसमोर माझी लाज काढली, हेच डोक्यात.

आमच्याकडे शपथ मोडली तर ज्याने घातली त्याने 'सुटली' म्हणायचं असतं. नाहीतर ती डोक्यावर राहते. चांगुणा घरी आल्यावर म्हणाली, "एकदा सुटली म्हना." मी म्हटलं नाही. मुकादमकी तशीच राहिली, माणसं उलट जास्त जपायला लागली, तरी म्हटलं नाही. तिने पुन्हा विचारलं, सणावारी विचारलं. पुढे विचारणं सोडलं. सुई मात्र रोज टोचत राहिली.

एकदा शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "त्यांच्या आदी मीच जाईन. म्हंजे ती शपथ फलाची नाय." मी आत होतो. उठून बाहेर जायला चार पावलं लागली असती.

गेल्या पावसाळ्यात ती चार दिवसांच्या तापाने गेली. माझ्या आधी.

तिला उचलायच्या वेळी मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, "सुटली." बाळा खांदा द्यायला आला होता, त्याला शपथेचं ठाऊक होतं, तो रडला. बाकीच्यांना वाटलं, आजारातून सुटली असं म्हातारा म्हणतोय.

आता पुडी कमरेला आहे, सदऱ्याच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी. जो भेटेल त्याला सांगतो, मी पडलो तर मीठ नको, साखर. कोणी हसत नाही. तेव्हाही हसलं नसतं.

तुम्हाला हा आजार असेल तर घरच्यांचं तोंड बांधू नका. भाकरी चुकवू नका.

सुई आता मीच टोचतो, वेळ लागतो पण जमते. टोचून झाली की तिच्या बसायच्या पाटाकडे बघून रोज एकदा सुटली म्हणतो. मग लगेच जेवायला बसतो. अर्धा तास व्हायच्या आत.