पळीभर कच्चं दूध

एदुविखेसच्या चीजला कोणी नावं ठेवून दाखवावीत! कोआविला प्रांतातल्या त्या उजाड माळावर शेळ्या काय, सगळ्यांकडेच. पण चीज न्यायला लोक यायचे ते हिच्याच दाराशी. बाई तिखट, जीभ त्याहून तिखट. दूध मात्र उकळल्याशिवाय वापरायची नाही, आणि हे सगळ्या गावाला ऐकवायची.

मग नवऱ्याचा, कुकोचा ताप जाईना कसा? शेळीच्या दुधातून येणारा ताप, डॉक्टर म्हणाले; औषधाने गेला आणि परत आला. दिवेलागण झाली की भर थंडीत त्याला उकडायचं, दरदरून घाम सुटायचा. त्या वेळेला बाईचा जीव थाऱ्यावर नसे. उगाच अंगण झाडायची, त्याच्या कपाळाला हात लावायची, पुन्हा झाडू घ्यायची.

"अगं, मी काय पळून चाललोय?" कुको म्हणे.

"पळायला पायांत जोर लागतो. गप पडा!"

शेवटी तिने भाचीला बोलावलं. ओफेलिया तोर्रेओन शहरातल्या प्रयोगशाळेत जंतूंवर काम करायची.

"मावशी, हा शेळीचा जंतू आपल्या पेशीच्या आत जाऊन बसतो. पेशीला शक्ती पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया असतात, लांब दोऱ्यांसारखी. त्यांचे हा तुकडे करतो. पण पेशीला मरू देत नाही. ती मेली तर हा राहणार कुठे?"

"म्हणजे मेला घरात घुसून चूल फोडतो, पण घर पडू देत नाही?"

"तसंच. आत लपतो म्हणून औषधालाही लवकर सापडत नाही. दूध उकळतेस ना?"

"ये, डोळ्यांनी बघ!"

एदुविखेसने दूध खळखळून उकळलं, निववलं. मग बादलीतलं पळीभर धारोष्ण दूध त्यात ओतलं.

"हे काय करतेस?" ओफेलिया ओरडलीच.

"उकळलेलं दूध मेलेलं असतं बाई, त्याचं चीज धरत नाही. थोडं जिवंत घालावंच लागतं. आईसुद्धा घालायची."

"मावशी, त्या एका पळीत सगळं परत आलं गं!"

एदुविखेसला कुको आठवलाही नाही. नीएवेस! गरोदर लेक. रोज सकाळी त्याच चीजचा सगळ्यात मोठा तुकडा तिला हिनेच आग्रहाने भरवलेला.

ती तशीच शेजारच्या घराकडे धावत सुटली. डिसेंबरातली संध्याकाळ, शेळ्यासुद्धा भिंतीला चिकटून बसलेल्या. नीएवेस उंबऱ्यावर बसली होती, शाल बाजूला टाकून मानेवरचा घाम पुसत.

"आई, आज किती उकडतंय गं!"