नानांच्या गाडीतला ठोका

गेल्या उन्हाळ्यात नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मला जळगावला फोन आला. "तुन्ही माय मन्हासंगे बोलत नही. चहाबी थंडा देस," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवूनही दिला. मग आईला लावला, तर तिचं भलतंच. "मी बोलस. नानाच उत्तर देत नहीत." म्हातारपणी दोघांनी अबोला धरला होता आणि खापर एकमेकांवर फोडत होते. मला राग लवकर येतो, तो नानांकडूनच आलाय. दोघांना समोरासमोर बसवून चांगलं झापायचं ठरवलं, रजा टाकली आणि बस धरली.

आमचं गाव सोनगीरच्या पुढे. फाट्यावर नाना त्यांची जुनी डिझेल गाडी घेऊन उभे होते. आयुष्यभर त्यांनी बस चालवली. गाडी कानांनी चालवायची असते, हे मी लहानपणापासून त्यांच्या तोंडून ऐकत आलेय. पण त्या दिवशी बॉनेटखालून ठक ठक ठक असा आवाज येत होता, आतून कोणी दार वाजवावं तसा.

"नाना, हा आवाज कसला?" मी ओरडून विचारलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग बॉनेटकडे. "टॅपेट शे. जुनी गाडीले ऱ्हासच."

टॅपेटचा, म्हणजे इंजिनच्या झडपांचा, आवाज वरून येतो, टिकटिक असा. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी म्हटलं, उद्या धुळ्याला मिस्तरीकडे जायचं, मला काही ऐकायचं नाही. दुसऱ्या दिवशी आईही चल म्हटल्यावर निघाली. तिला गॅरेजशी काय देणंघेणं, पण मला दोघांना एका गाडीत बसवायचंच होतं.

वाटेत मी मागे आईशेजारी बसले. हायवेवर एक ट्रक हॉर्न देत देत अगदी घासून गेला, तरी नाना ढिम्म. आई पदर सावरत हळूच म्हणाली, "दमानं चालवा." नानांनी मान वळवली नाही. थोड्या वेळानं तिनं पाणी हवं का विचारलं. तेव्हाही काही नाही. आई माझ्याकडे बघून खिडकीबाहेर पाहायला लागली. मला नानांचा असा संताप आला की धुळं येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. गाडीत तिघं आणि बोलत होतं फक्त इंजिन.

मिस्तरी नानांच्या वयाचे, बस चालवायच्या दिवसांपासून ओळखीचे. त्यांनी आधी डॅशबोर्डकडे पाहिलं. दसऱ्याला गाडीची पूजा करताना आईनं कुलदेवीचा स्टिकर तिथल्या काचेवर चिकटवला होता, तो नेमका ऑइलचा इशारा देणाऱ्या दिव्यावर. मिस्तरींनी हात जोडले आणि नखानं हळूच कोपरा उचलला. खाली लाल दिवा जळत होता.

"कितने दिन से मातारानी के नीचे जल रहा है, नाना?" ते हसले. नानाही हसले, पण जरा उशिरा, आमची तोंडं पाहून.

मग त्यांनी ऑइलची कांडी काढून पाहिली. ऑइल होतं. दिव्याचा स्विच खोलून त्या जागी प्रेशरचं मीटर लावलं. इंजिन तापलेलं होतंच. चालू केलं तर काटा तळाशीच घुटमळत राहिला. रेस दिली तसा थोडा उठला, सोडली की पुन्हा खाली, आणि ठोका मोठा. मिस्तरींची मान नकारार्थी हलली. "ऊपर का नहीं, नीचे का है. बेअरिंग गया."

"टॅपेट शे," नाना म्हणाले.

मिस्तरींनी लांब पेचकस त्यांच्या हातात दिला. त्याचं टोक इंजिनला लावायचं आणि मुठीला कान. नानांनी पूर्वी शेकडो वेळा हे केलं असेल. ते वाकले, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं. मग पुन्हा, "टॅपेट." पण आता आवाजात जोर नव्हता. मी काहीतरी टोचून बोलणार होते, तोच मिस्तरींनी मला हातानं थांबवलं.

त्यांनी पेचकस घेतला, मूठ पुसली आणि आपल्याच दातात धरून दाखवली. "मैं तो कब से ऐसेच सुनता हूँ. इस शोर में कान कहाँ रहते, नाना? दात में पकडो."

नानांनी मूठ दातात धरली. टोक इंजिनच्या खालच्या अंगाला लागलं आणि त्यांचे डोळे एकदम उघडले. तो आवाज होता की हादरा, कोण जाणे, पण ठोका त्यांच्यापर्यंत पोचला होता. त्यांनी बराच वेळ पेचकस काढलाच नाही. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला आणि मला रडू यायला लागलं.

मिस्तरींनी इंजिन बंद केलं. नानांनी पेचकस शर्टाला पुसला, माझ्याजवळ आले आणि इंजिनबद्दल एक अक्षर न काढता हळूच विचारलं, "तुन्ही माय बोलस का मन्हासंगे?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "रोज बोलते, नाना."

आई निंबाखाली बाकावर बसली होती. नाना गेले आणि तिला खेटून बसले. चारचौघांत असे ते कधी बसले नव्हते. आई संकोचून बाजूला सरकली.

"काय बोली ऱ्हायंती तू इतला दिन?" त्यांनी विचारलं.

आई काहीतरी पुटपुटली. नाना तिच्या ओठांकडे बघत राहिले आणि त्यांनी नुसती मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. माझ्या आठवणीत आईनं कधी आवाज चढवला नाही, नवऱ्यावर तर नाहीच. तिनं एकदा माझ्याकडे, एकदा मिस्तरींकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर घट्ट धरला आणि सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल अशी ओरडली,

"चहा थंडा व्हई ऱ्हायना, पी ल्या!"