मोसंबीच्या नर्सरीतले दोन चाकू

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती गेली, तरी नाही. आज तुमच्यापुढे बोलतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. कोल्हारजवळच्या एका मोसंबीच्या नर्सरीत आम्ही दोघं डोळे भरायचो, म्हणजे कलमं बांधायचो — मी आणि ख्रिस्ती वस्तीतले याकोबमामा. जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीला चीर द्यायची, तीत मोसंबीचा डोळा बसवायचा, वर पट्टी आवळायची. हे काम मला मामांनीच शिकवलं. सगळा खेळ चाकूचा, आणि चाकूवरूनच आमचं कधी पटलं नाही.

त्यांचा चाकू गावच्या लोहारानं करवतीच्या जुन्या पात्यातून घडवलेला. घडीचा, मूठ बाभळीची, पातं काळं. तेलाचं बोट फिरवलं नाही तर गंजायचा. माझा नगरच्या बाजारातला — चकचकीत, बटण दाबलं की उघडणारा. त्यानंच मी पेरू कापायचो, सुतळी तोडायचो, नखं काढायचो, आणि डोळेही भरायचो. मामा पेरूसाठी वेगळा चाकू ठेवायचे. "डोळ्याचा चाकू दुसऱ्या कशाला लावू न्हाई," म्हणायचे. मी हसायचो. मनगटावरचे केस उडवून आम्ही धार पाहायचो. सकाळी दोन्ही सारखेच चालायचे. दुपारी माझा केसांवरून नुसताच घसरायचा. पण कबूल कोण करणार? म्हाताऱ्याच्या काळ्या चाकूपुढे हार मानायची?

त्या वर्षी विहिरीनं तळ गाठला. मालक म्हणाले, आता एकच माणूस ठेवीन. ज्याचे डोळे जास्त जगतील तो राहील. आमच्या ओळींच्या तोंडाला खुंट्या होत्या, खुंट्यांना फडकी — मामांचं पांढरं, माझं तांबडं.

तरी मी धार लावली नाही. धारेचा दगड मामांचा होता. मागितला असता तर त्यांनी लगेच दिला असता — तेच मला नको होतं.

तीन आठवड्यांनी, मालक पाहायला येणार त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी गेलो. पट्ट्या सोडून पाहिल्या. मामांचे डोळे हिरवेगार. माझे — निम्म्याहून जास्त काळे. बोथट पात्यानं साल कापली नव्हती, चेंगरली होती.

मी उभा राहिलो. एक विडी संपेल एवढा वेळ. मग दोघांच्या खुंट्यांवरची फडकी अदलाबदल केली.

एवढ्यावर थांबलो असतो तर? पण थांबलो नाही. मालक आले तेव्हा मामा पांढऱ्या फडक्याच्या ओळीत वाकून एका चिरेवर बराच वेळ अंगठा फिरवत होते. मग म्हणाले, "मालक, ह्यो काप माजा न्हाई."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "मामांचा हात थरथरतो आताशा. लई दिवस झालं. मीच बोललो न्हाई."

मामांना सगळं कळलं, हे मला तेव्हाच कळलं. ते भांडले नाहीत. चाकू मिटला, खिशात घातला आणि बांधाबांधानं निघून गेले.

पुढे ते दुष्काळी कामावर खडी फोडायला लागले. दुसऱ्याच महिन्यात उजव्या हाताचा अंगठा दोन दगडांत सापडून चिरडला. चाकू कायमचा सुटला. आणि मी? मी त्याच लोहाराकडून तसाच काळा चाकू घडवून घेतला. माझे डोळे जगू लागले. पंचक्रोशीत माझ्या हाताचं नाव झालं.

काही वर्षांनी मामा वारले. मी मातीला गेलो. त्यांचा चेला म्हणून पाळकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी — नाही. मालक समोरच उभे होते. मी म्हणालो, "हात थरथरायला लागला, तरी मामा शेवटपर्यंत राबले."

नंतर मामी माझ्याजवळ आल्या. डोळे कोरडे होते. म्हणाल्या, "तीस वर्सं संसार केला त्येंच्यासंगं. हात थरथरतो, ह्ये मला कदी दिसलंच न्हाई. कसली बाई मी."

मी म्हणालो, "हुतं असं, मामी."